बापाला भारतरत्न मिळालं, मुलाला कोर्टाचा दंड : र. धों. कर्व्यांची गोष्ट

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की वाटेत तामलवाडी लागते. लग्नसराई असली की या रस्त्यावर हमखास एक दृश्य दिसतं. गाडीत नवं जोडपं, नवरीच्या हातात हिरवा चुडा, मागच्या सीटवर घरची मंडळी आणि सगळे निघालेत आई तुळजाभवानीच्या दर्शनाला.

दर्शन झालं की वर्षभरात घरच्यांचा पुढचा प्रश्न येतो. पाळणा कधी हलणार?

आज या प्रश्नाचं उत्तर ते जोडपं स्वतः ठरवू शकतं. गावात आशा ताई असतात. त्यांच्या पिशवीत गोळ्या असतात, निरोध असतो. सरकारी दवाखान्यात तांबी बसवून मिळते. कुणी त्यासाठी तुरुंगात जात नाही, कुणाची नोकरी जात नाही.

पण शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या एका माणसाची नोकरी नेमकी याच कामासाठी गेली. त्याला अटक झाली, दंड झाला, लोकांनी त्याला अश्लील ठरवलं. त्यात त्याचं आडनाव होतं कर्वे. हो, तेच. महर्षी कर्व्यांचा थोरला मुलगा.

बाप विधवांचा कैवारी म्हणून देशभर पूजला गेला. मुलगा मात्र आयुष्यभर एकटा पडला.

ही गोष्ट आहे रघुनाथ धोंडो कर्वे यांची.

हट्ट घराण्यातच होता

रघुनाथ कळायचे असतील, तर आधी त्यांचे वडील कळायला हवेत.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ सालचा. गाव कोकणातलं, दापोलीजवळचं मुरूड. घरची परिस्थिती बेताची. शाळकरी वयात एका सरकारी परीक्षेसाठी हा मुलगा मुरूडहून निघाला तो थेट साताऱ्यापर्यंत चालत गेला. मध्ये सह्याद्रीचा घाट, वर पाऊस. एवढं करून पोचला, तर तिथल्या लोकांनी चण बघून ठरवलं की हा फारच लहान दिसतोय. परीक्षेला बसूच दिलं नाही. पोरगं घरी परत आलं आणि पुन्हा अभ्यासाला लागलं.

एखादी गोष्ट डोक्यात बसली की ती पायाने चालत पूर्ण करायची, हा या घराण्याचा स्वभाव इथूनच दिसतो.

धोंडोपंतांचं पहिलं लग्न राधाबाईंशी झालं. १४ जानेवारी १८८२ रोजी त्यांना मुलगा झाला, त्याचं नाव रघुनाथ. १८९१ साली राधाबाई वारल्या. तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी धोंडोपंत पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला लागले.

त्या काळात बायको गेली की पुरुषाने दुसरं लग्न करणं ही साधी गोष्ट होती. दहा-बारा वर्षांची कुमारिका शोधायची आणि बोहल्यावर उभं राहायचं. धोंडोपंतांनी ठरवलं की लग्न करायचं तर विधवेशीच. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई बालविधवा होत्या. लग्नानंतर त्यांचं नाव आनंदीबाई झालं. पुढे लोक त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखू लागले.

मुरूडमध्ये हलकल्लोळ झाला. गावाने बहिष्कार टाकला. धोंडोपंत स्वतःच्या आईच्या घरी आले, तर त्या घराशीही कुणी संबंध ठेवायचा नाही, असं ठरलं.

अकरा वर्षांचा रघुनाथ हे सगळं बघत होता. चांगलं काम केल्यावर गाव डोक्यावर घेतं असं नाही, कधी कधी वाळीतही टाकतं, हे त्याला पाठ्यपुस्तकातून शिकावं लागलं नाही. ते घरातच समोर घडत होतं.

वडिलांनी काढलेली वाट

आता इथे एक बारकावा आहे. पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली यातच आहे.

विधवाविवाहाचं काम करताना धोंडोपंतांच्या लक्षात आलं की समाज याला तयार नाही. मग त्यांनी मोर्चा शिक्षणाकडे वळवला. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम सुरू केला. १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. कॉलेजात शिकवून झालं की ते हिंगण्यापर्यंत चालत जायचे. आश्रमाला लागणारं सामानसुमान अनेकदा स्वतःच वाहून न्यायचे.

आश्रम चालायचा देणग्यांवर. देणग्या देणाऱ्यांत सनातनी विचाराची माणसंही होती. विधवांनी शिकावं इथपर्यंत त्यांची तयारी होती, पण त्यांनी लग्न करावं हे त्यांना पचणारं नव्हतं. म्हणून धोंडोपंतांनी विधवाविवाहाचा प्रचार आणि आश्रम या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. ज्याने स्वतः विधवेशी लग्न केलं, त्यानेच संस्थेसाठी हा विषय बाजूला ठेवला.

ही तडजोड होती, पण तिच्यामुळे शेकडो मुली शिकल्या. १९१६ साली महिला विद्यापीठ उभं राहिलं. पुढे विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ झालं. आजचं एसएनडीटी ते हेच.

समाजाला जेवढं झेपतं तेवढंच आज मागायचं, उरलेलं उद्या मागायचं. ही वडिलांची पद्धत.

मुलाने नेमकी उलटी पद्धत धरली.

गणिताचा प्राध्यापक

रघुनाथ हुशार होते म्हणजे किती? १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले. शाळा होती पुण्याचं न्यू इंग्लिश स्कूल. १९०४ साली फर्ग्युसन कॉलेजातून बी.ए. झाले. विषय वडिलांचाच, गणित. पुढे गणिताच्या उच्च शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले. फ्रेंच त्यांना उत्तम यायचं.

मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक झाले. म्हणजे आडनाव मोठं, पदवी मोठी, पगार बरा, समाजात मान. असा माणूस त्या काळात काय करायचा? घर बांधायचा, मुलांना शिकवायचा, पेन्शनीची वाट बघायचा.

रघुनाथरावांचं लग्न गंगूबाई गोखले यांच्याशी झालं. लग्नानंतर त्या मालतीबाई झाल्या. नवराबायकोने मिळून एक निर्णय घेतला. मूल होऊ द्यायचं नाही. ज्या कामात पडायचं होतं त्यात पैसा नव्हता, फुरसत नव्हती आणि बदनामी नक्की होती. ती झळ लेकरांना का द्यायची, असा हिशेब.

निर्णय झाल्यावर रघुनाथरावांनी स्वतःची नसबंदी करून घेतली.

हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. आजही आपल्याकडे कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन म्हटलं की ते बाईचंच, असं धरून चालतात. पुरुषाचं ऑपरेशन त्यामानाने किती तरी सोपं. त्यात शुक्राणू वाहून नेणारी नळी तेवढी कापून बांधतात. ताकद जात नाही, पुरुषत्व जात नाही, तरी लोक घाबरतात. रघुनाथरावांनी हे त्या काळात केलं, जेव्हा या विषयाचं नाव घेणंसुद्धा पाप होतं.

१९२१ साली नक्की काय सुरू झालं?

साल होतं १९२१. रघुनाथरावांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. भारतातलं हे पहिलं केंद्र मानलं जातं.

जग तेव्हा कुठे होतं ते बघा. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी १९१६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात असं केंद्र काढलं होतं. पोलिसांनी ते काही दिवसांतच बंद पाडलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र उघडलं मार्च १९२१ मध्ये. म्हणजे साम्राज्याच्या राजधानीत आणि मुंबईत हे काम एकाच वर्षी सुरू झालं. फरक एवढाच की मुंबईत त्याच्या मागे कुठली संस्था नव्हती, कुणी धनिक नव्हता. एक प्राध्यापक आणि त्याची बायको, बस्स.

आता कुणी म्हणेल, लोकसंख्या वाढली होती म्हणून त्यांनी हे काम काढलं असेल. तर तसं नाही. १९२१ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या १९११ पेक्षा किंचित कमी भरली होती. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने गावंच्या गावं ओस पाडली होती. लोकसंख्येचा स्फोट हा शब्द यायला अजून बराच काळ होता.

रघुनाथरावांना दिसत होती ती बाई. पंधराव्या वर्षी पहिलं बाळंतपण, मग दर दीड-दोन वर्षांनी एक. काही लेकरं जगायची, काही जायची. अशीच एखाद्या बाळंतपणात ती स्वतःही जायची. नवरा वर्षभरात दुसरं लग्न करायचा. मूल हवं की नको, कधी हवं, हे त्या बाईला कुणी विचारतच नव्हतं.

वडिलांनी नवरा गेलेल्या बाईचा प्रश्न हातात घेतला होता. मुलाने नवरा जिवंत असलेल्या बाईचा प्रश्न हातात घेतला.

साधनं तेव्हा मोजकीच होती. पुरुषांसाठी रबरी निरोध, बायकांसाठी रबरी टोपी आणि काही रासायनिक औषधं. गर्भनिरोधक गोळी बाजारात यायला १९६० साल उजाडावं लागलं. पाळीच्या चक्रात गर्भ कधी राहतो आणि कधी नाही, याचं नीट गणितसुद्धा जपानच्या ओगिनो आणि ऑस्ट्रियाच्या क्नाउस या डॉक्टरांनी १९२० च्या दशकात मांडलं. त्याआधीचे बरेच डॉक्टर याबाबत चुकीचंच सांगत होते.

रघुनाथराव 'राइट एजन्सी' या नावाने ही साधनं लोकांपर्यंत पोचवायचे आणि ती कशी वापरायची ते सांगायचे. १९२३ साली त्यांचं संततिनियमनावरचं पुस्तक आलं. १९२४ साली गुप्तरोगांपासून बचाव कसा करायचा यावरचं पुस्तक आलं. पेनिसिलिन सामान्य माणसापर्यंत पोचायला अजून वीस वर्षं होती. नवऱ्याने बाहेरून आणलेला रोग बायकोला व्हायचा, तिच्याकडून पोटातल्या बाळाला. तोंड उघडायची मात्र सगळ्यांनाच चोरी.

नोकरी गेली

विल्सन कॉलेज मिशनऱ्यांचं. आपला गणिताचा प्राध्यापक निरोधाची माहिती देतो, बायकांच्या लैंगिक सुखाबद्दल उघड बोलतो, हे कॉलेजच्या चालकांना मानवणारं नव्हतं. त्यांनी पर्याय ठेवला. हे काम तरी सोडा, नाहीतर नोकरी तरी.

रघुनाथरावांनी नोकरी सोडली.

घर चालवायची जबाबदारी मालतीबाईंनी उचलली. त्या शिकलेल्या होत्या. त्यांनी नोकरी केली आणि त्या पगारावर संसार चालवला. ज्या काळात बाईच्या कमाईवर जगणं हा पुरुषाचा अपमान समजला जायचा, त्या काळात या घराने ते सरळ स्वीकारलं. र. धों. कर्व्यांच्या कामाचा हिशेब मांडताना निम्मं श्रेय मालतीबाईंच्या खात्यावर टाकावं लागतं. तेही कमीच पडेल.

'समाजस्वास्थ्य'

जुलै १९२७ मध्ये रघुनाथरावांनी मासिक सुरू केलं. नाव 'समाजस्वास्थ्य'.

संपादक तेच. बरेचसे लेख तेच लिहायचे. मुद्रितं तेच तपासायचे. पत्रांना उत्तरं तेच द्यायचे. मासिकात काय असायचं? संततिनियमन, गुप्तरोग, वेश्याव्यवसाय, आहार, विवाहसंस्था, देवधर्मावरची टीका, फ्रेंच गोष्टींचे अनुवाद. 'शारदेची पत्रे' हे सदर तर पुरुषी समाजाची खिल्ली उडवण्यासाठी गाजलं.

स्त्रीलाही पुरुषाइतकीच कामेच्छा असते आणि ती पुरी करण्याचा तिला तितकाच हक्क आहे, हे त्यांचं ठाम मत होतं. लग्नाच्या आतलं ते सगळं पवित्र आणि बाहेरचं ते सगळं घाण, ही विभागणी त्यांना मान्य नव्हती. कुणाला त्रास होतोय का, कुणाला रोग होतोय का, कुणावर जबरदस्ती होतेय का, एवढंच ते बघायचे.

मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असायचं. शरीराची लाज वाटता कामा नये, हा त्यामागचा विचार. आजच्या वाचकाच्या मनात इथे एक प्रश्न येईल. शरीराची लाज घालवायची होती, तर मुखपृष्ठावर बाईच का? प्रश्न रास्त आहे. र. धों. काळाच्या पुढे होते, पण शेवटी होते त्याच काळातले.

त्यांची भाषा तुटक आणि धारदार. समोरच्याची भीड ठेवणं त्यांना जमलं नाही. विरोधकांना तर ते फोडून काढायचेच, पण हितचिंतकांचीही सुटका नव्हती. त्यामुळे माणसं जोडली गेली त्यापेक्षा तुटली जास्त. मासिकाने कधी पैसा मिळवून दिला नाही. तरी ते २६ वर्षं चाललं. १९५३ पर्यंत.

लोक अंक चोरून वाचायचे आणि चारचौघांत नावं ठेवायचे.

बाबासाहेब कोर्टात उभे राहिले

१९३१ साली पहिला खटला झाला. व्यभिचाराच्या प्रश्नावर लिहिलेला लेख अश्लील आहे, अशी तक्रार. कोर्टाने १०० रुपये दंड ठोठावला. रघुनाथराव अपिलात गेले, तिथेही हरले.

१९३४ साली पुन्हा अटक झाली. या वेळी मुद्दा होता वाचकांच्या प्रश्नोत्तरांचा. वाचक पत्रातून विचारायचे, हस्तमैथुनाने नुकसान होतं का, समलिंगी आकर्षण हा रोग आहे का. घरात विचारायची सोय नाही, डॉक्टरला विचारायची हिंमत नाही, म्हणून पत्र लिहायचे. रघुनाथराव वैज्ञानिक उत्तर द्यायचे आणि ते छापायचे. सरकारच्या मते हे अश्लील होतं.

रघुनाथरावांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी.

तेव्हाचे बाबासाहेब म्हणजे गोलमेज परिषदा गाजवून आलेले, पुणे करार होऊन दीड वर्ष झालेलं, देशभर नाव असलेले नेते. आधीच त्यांच्यावर टीकेचा भडिमार होत होता. अशा वेळी लैंगिक विषयावरच्या मासिकाची केस घेणं म्हणजे विरोधकांच्या हातात आयतं कोलीत देणं. तरी त्यांनी ती घेतली.

त्यांचा युक्तिवाद साधारण असा होता. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून लेखन आपोआप अश्लील ठरत नाही. लोकांना प्रश्न पडतात ते अज्ञानातून, आणि अज्ञानावर उपाय म्हणजे ज्ञान. तेच छापायला बंदी घातली तर लोकांनी जायचं कुठे? हॅवलॉक एलिस या इंग्रज अभ्यासकाच्या लैंगिक विषयावरच्या संशोधनाचाही दाखला त्यांनी दिला.

त्या काळी अश्लीलता मोजायचा इंग्रजी कायद्यातला गज ठरलेला होता. तो १८६८ सालच्या हिकलिन खटल्यातून आला होता. एखादं लेखन कुणाच्याही हातात पडलं आणि त्याचं मन बिघडण्याचा संभव असला, की ते अश्लील. लिहिणाऱ्याचा हेतू काय, विषय शास्त्रीय आहे का, याला फारशी किंमत नव्हती. या गजाने मोजलं तर शरीरशास्त्राचं पुस्तकही अडकलं असतं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने हा गज बाजूला ठेवला तो थेट २०१४ साली.

१९३४ साली बाबासाहेब आणि रघुनाथराव हरले. २०० रुपये दंड झाला. अंक मात्र थांबला नाही.

बाबासाहेबांनीही विषय सोडला नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला. सरकारने लोकांना साधनं आणि माहिती पुरवावी, अशी मागणी होती. ठराव फेटाळला गेला.

दुसरीकडे महात्मा गांधींचा कृत्रिम साधनांना ठाम विरोध होता. मूल नको असेल तर संयम पाळा, हे त्यांचं मत. मार्गारेट सँगर १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्याला येऊन गांधीजींशी बोलल्या, पण मत काही बदललं नाही. म्हणजे रघुनाथरावांच्या विरोधात नुसते सनातनीच होते असं नाही. देश ज्यांच्या मागे चालत होता ते गांधीजीही पलीकडच्या बाजूला होते.

बाप आणि मुलगा

आता दोघांना शेजारी ठेवून बघा.

दोघंही गणिताचे प्राध्यापक. दोघांनीही बाईच्या प्रश्नासाठी आयुष्य दिलं. दोघांनीही पैशाचा मोह धरला नाही. दोघांनाही समाजाने वाळीत टाकलं.

पण वडिलांचा बहिष्कार पुढे संपला. तीस-चाळीस वर्षांत लोक त्यांना अण्णासाहेब म्हणू लागले, मग महर्षी म्हणू लागले. १९२९-३० मध्ये संस्थेसाठी त्यांनी युरोप, अमेरिका, जपानचा दौरा केला. बर्लिनमध्ये ते आइन्स्टाइनना भेटले. त्यांचा काळ त्यांच्या मागे येऊन पोचला.

मुलाचा बहिष्कार संपलाच नाही. घरातल्या इतर भावंडांनी आपापल्या वाटेने मान मिळवला. दिनकरराव फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांच्या पत्नी इरावतीबाई मोठ्या समाजशास्त्रज्ञ झाल्या. शंकरराव आफ्रिकेत डॉक्टर झाले. भास्करराव हिंगण्याच्या कामात राहिले. एवढ्या नावाजलेल्या घरात थोरल्या मुलाचं नाव तेवढं चारचौघांत घेताना लोक अडखळायचे.

वडिलांच्या संस्था लोकांच्या विश्वासावर आणि देणग्यांवर उभ्या होत्या. हजारो आईबाप आपल्या मुली तिथे पाठवत होते. त्या संस्थांच्या संस्थापकाचा मुलगा निरोध विकतो आणि नग्न चित्रं छापतो, ही गोष्ट त्या कामाला किती जड जाणारी होती, याचा अंदाज करता येतो. मुलगा वडिलांच्या संस्थांच्या सावलीत गेला नाही. त्याने स्वतःचं केंद्र, स्वतःचं मासिक, स्वतःची बदनामी अलग ठेवली. वडिलांच्या नावाचा त्याने वापर केला नाही, आणि त्या नावासाठी तोंडही बंद केलं नाही.

कुणाचं बरोबर? वडिलांनी तडजोड केली नसती तर विद्यापीठ झालं नसतं. मुलाने तडजोड केली असती तर 'समाजस्वास्थ्य' झालं नसतं. दोघांनी हट्ट केला, फक्त एकाने संस्थेचा केला आणि दुसऱ्याने सत्याचा.

यात एकाची किंमत संस्थेने भरली, दुसऱ्याची किंमत मालतीबाईंनी.

शेवट

मालतीबाई रघुनाथरावांच्या आधी गेल्या. पुढची वर्षं त्यांनी एकट्यानेच मासिक चालवलं. मूल नव्हतं, पैसा नव्हता, वय सत्तरीकडे झुकलेलं. दर महिन्याचा अंक मात्र निघत होता.

१९५२ साली एक मोठी गोष्ट झाली. स्वतंत्र भारताच्या सरकारने कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. असा सरकारी कार्यक्रम घेणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला. ज्या कामासाठी रघुनाथरावांची नोकरी गेली होती, तेच काम आता सरकार करणार होतं.

वर्षभरात, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, रघुनाथराव वारले. वय ७१. 'समाजस्वास्थ्य'चा शेवटचा अंक नोव्हेंबर १९५३ चा. मासिक आणि संपादक बरोबरच संपले.

वडील तेव्हा ९५ वर्षांचे होते. त्यांनी थोरल्या मुलाचा मृत्यू बघितला.

१९५५ साली धोंडोपंतांना पद्मविभूषण मिळालं. १९५८ साली, वयाची शंभरी गाठली त्या वर्षी, भारतरत्न मिळालं. त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, १०४ वर्षांचं आयुष्य जगून ते गेले.

मुलाला सरकारकडून मिळालं ते एवढंच. एकदा १०० रुपयांचा दंड आणि एकदा २०० रुपयांचा.

पडद्यावर आणि रंगमंचावर

रघुनाथराव विस्मरणात गेले होते. २००१ साली अमोल पालेकरांनी त्यांच्यावर 'ध्यासपर्व' हा सिनेमा काढला. किशोर कदम झाले र. धों., सीमा बिस्वास झाल्या मालतीबाई. गाणी-मारामारीचा हा सिनेमा नव्हता, त्यामुळे गर्दी खेचणारा नव्हता. पण कुटुंब कल्याणावरचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

डॉ. अनंत देशमुख यांनी र. धों.चं विखुरलेलं लेखन शोधून त्याचे खंड संपादित केले. मग मराठवाड्याचे नाटककार अजित दळवी यांनी 'समाजस्वास्थ्य' हे नाटक लिहिलं. २०१७ साली अतुल पेठे यांनी ते रंगमंचावर आणलं. गिरीश कुलकर्णींनी त्यात र. धों. साकारले. खटल्यांची गोष्ट नव्या पिढीला कळली ती या नाटकातून.

मध्यंतरी कायदाही बदलत गेला. १९७१ साली गर्भपाताला कायद्याची परवानगी मिळाली. २०१८ साली समलिंगी संबंध गुन्ह्याच्या यादीतून बाहेर आले. १९३४ साली ज्या प्रश्नाचं उत्तर छापलं म्हणून कोर्टाने दंड केला, त्याच प्रश्नावर ८४ वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने र. धों. कर्व्यांच्या बाजूचा निकाल दिला. तोवर त्यांना जाऊन ६५ वर्षं झाली होती.

तरी काम संपलेलं नाही. शाळेत प्रजननाचा धडा आला की आजही कित्येक शिक्षक तो मुलांना घरी वाचायला सांगतात. मेडिकलवाला आजही सॅनिटरी पॅड काळ्या पिशवीत गुंडाळून देतो. ऑपरेशनची वेळ आली की आजही बाईलाच पुढे करतात. मोबाइलवर जगभरचं सगळं दिसतं, पण मनातला साधा प्रश्न विचारायला तरुण पोरांना आजही जागा सापडत नाही.

त्या प्रश्नांची उत्तरं देणारा माणूस महाराष्ट्रात होऊन गेला. लोक त्याला पत्र लिहायचे आणि तो प्रत्येक प्रश्न गांभीर्याने घेऊन उत्तर छापायचा. पुढच्या महिन्यात अटक होऊ शकते, हे त्याला माहीत असायचं. तरी पुढच्या महिन्याचा अंक वेळेवर निघायचा.